मदत हवी आहे: गजकर्ण जात नाहीये, फंगल कल्चर कुठे होईल?
मंडळी, आम्ही ऐरोलीला राहतो, नवऱ्याला जांघेत गजकर्ण झालंय. आधी मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेलं क्रीम आणलं, चार दिवस खाज गेली आणि मग दुप्पट पसरलं (चूक आमचीच). आता स्किनच्या डॉक्टरांच्या टर्बिनाफिनला (बुरशीवरची गोळी) महिना झाला, फरक शून्य. मी बीएस्सी मायक्रोवाली त्यामुळे वाचत बसले, ही गोळी बुरशीचं स्क्वालीन इपॉक्सिडेज एन्झाइम अडवते म्हणून पेशीच्या पडद्याला लागणारं अर्गोस्टेरॉल बनत नाही, पण २०२० मध्ये नाव मिळालेल्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या गजकर्णाच्या बुरशीत बऱ्याचदा त्याच एन्झाइमचा जीन बदललेला असतो, मग गोळी काय करणार डोंबल! इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं दुसरं औषध वेगळं एन्झाइम अडवतं, त्याचं डॉक्टरांना विचारेनच, पण वाशी किंवा ठाण्यात कल्चरसोबत (बुरशी वाढवून बघणं) सेन्सिटिव्हिटीपण (तिच्यावर कुठलं औषध चालतं ते बघणं) करणारी लॅब माहितीये का कुणाला? दोन ठिकाणी फक्त केओएच (त्वचेची खरवड मायक्रोस्कोपखाली बघणं) करतो म्हणाले.