व्यक्तिनामांवरून रूढ झालेले शब्द: कोणती व्युत्पत्ती खरी मानावी?

प्रश्न:
लॅपटॉपच्या चार्जरवरील बोटभर पट्टी वाचताना लक्षात आले की तिच्यावर चार माणसे एकत्र नांदत आहेत: इटलीचे व्होल्टा, फ्रान्सचे अँपिअर, स्कॉटलंडचे वॅट आणि जर्मनीचे हर्ट्झ. रोमन लिपीत या एककांच्या चिन्हांचे पहिले अक्षर मोठे लिहितात ते त्यांच्यामागे व्यक्तीचे नाव असल्यामुळेच. मीटर किंवा सेकंद यांना तो मान नाही. देवनागरीत असा भेदच नसल्यामुळे ‘डिझेल’ हे रुडॉल्फ डिझेल यांचे आडनाव आहे, हे मराठी वाचकाला अक्षरांवरून कळत नाही. रोजच्या बोलण्यातील असे आणखी कोणते शब्द आहेत आणि त्यांच्यामागच्या कथा कितपत खऱ्या, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
सर्वांत पक्का पुरावा ‘बॉयकॉट’चा आहे. चार्ल्स बॉयकॉट हे आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचे व्यवस्थापक होते. १८८० साली कुळांनी खंडात सूट मागितली, ती पुरेशी मिळाली नाही आणि बॉयकॉट यांनी कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा काढल्या. त्यानंतर त्यांच्यावर कोणी हात उगारला नाही. केवळ मजुरांनी शेतात पाऊल टाकले नाही, दुकानदारांनी माल दिला नाही आणि शेजाऱ्यांनी बोलणे टाकले. अखेर बाहेरून सुमारे ५० मजूर आणून, सैन्याच्या पहाऱ्यात पीक काढावे लागले. अमेरिकी पत्रकार जेम्स रेडपाथ यांनी लिहून ठेवले आहे की, बहिष्कारासाठी प्रचलित असलेला इंग्रजी शब्द शेतकऱ्यांना जड जाईल म्हणून फादर ओ’मॅली या स्थानिक धर्मगुरूंनी थेट बॉयकॉट यांचे नावच सुचवले. मला यात विलक्षण वाटते ते हे की, ज्याने बहिष्कार सोसला त्याचेच नाव बहिष्काराला मिळाले, आणि तेही त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच वर्षी.

प्रतिसाद २:
‘अल्गोरिदम’ची नोंद घ्यावी. नवव्या शतकात बगदाद येथे काम करणारे गणिती अल्-ख्वारिझ्मी यांनी भारतीय अंकपद्धतीवर ग्रंथ लिहिला. बाराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर झाले तेव्हा लेखकाचे नाव ‘अल्गोरित्मी’ असे उतरले आणि पुढे ते गणनपद्धतीचेच नाव झाले. मुळात ‘ख्वारिझ्मी’ म्हणजे ख्वारिझ्म प्रदेशाचा, अगदी आपल्या ‘कर’ लागलेल्या आडनावांसारखे. म्हणजे गावाचे माणसाला आणि माणसाचे रीतीला, असा दुहेरी प्रवास झाला. ‘अल्जिब्रा’ मात्र या यादीत धरू नये, कारण तो शब्द त्यांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या शीर्षकातून आला आहे. ‘सँडविच’ हे नाव सँडविचच्या चौथ्या अर्लवरून (अर्ल ही ब्रिटनमधील सरदारकीची पदवी) पडले हे मान्य आहे, परंतु ते जुगाराच्या टेबलावरून उठेनात म्हणून हा पदार्थ निघाला, ही गोष्ट एका फ्रेंच प्रवाशाने ऐकीव माहितीवर लिहिलेली असल्याने तिच्यावर फार विसंबू नये.

प्रतिसाद ३:
वरील माहितीत एका अन्यायाची भर घालतो. डॉ. गियोताँ मृत्युदंडाच्याच विरोधात होते. तो रद्द होत नसेल तर निदान सर्वांना सारखा आणि कमी वेदनेचा असावा, एवढ्यासाठी त्यांनी १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत शिरच्छेदाच्या यंत्राचा प्रस्ताव मांडला. यंत्राचा आराखडा शल्यविशारद आंत्वान लुई यांचा होता, आणि आरंभी त्याला ‘लुईझेट’ असेही म्हणत. तरीही ‘गिलोटिन’ हेच नाव टिकले, आणि आज छापखान्यातील कागद कापण्याचे यंत्रही तेच नाव धारण करते.

मराठीने अशी नावे बहुधा प्रत्यय लावून पचवली आहेत. ‘तुघलकी निर्णय’ म्हणताना मुहंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवल्याचे, किंवा ‘नादिरशाही’ म्हणताना १७३९ च्या दिल्लीतील कत्तलीचे स्मरण बोलणाऱ्याला क्वचितच असते. मला वाटते, नाव शब्द झाल्याची खरी खूण हीच आहे.

प्रश्नकर्ता:
सर्वांचा आभारी आहे. तिसऱ्या प्रतिसादातील कसोटी मी ‘ब्रेल’ला लावून पाहिली. लहानपणीच दृष्टी गमावलेल्या लुई ब्रेल यांनी पंधराव्या वर्षी सहा टिंबांची ही लिपी बांधली, आणि आज ‘हे पुस्तक ब्रेलमध्ये आहे’ असे म्हणताना तो मुलगा कोणाच्या मनात येत नाही.