गळा आवळला असेल तर वाट पाहू नका

‘वळ गेले, सूज उतरली की मारहाणीचा त्रास संपतो’, हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. गळा आवळला असेल तर कातडीवर बऱ्याचदा ओरखडाही नसतो, पण मानेतल्या धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं. तिथे गुठळी धरते आणि काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी, अगदी तरण्याताठ्या बाईलाही पक्षाघात होतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानभाग यांच्यावर १९७३ साली तिथेच हल्ला झाला; साखळीने गळा आवळला गेल्यावर त्या २०१५ मध्ये मृत्यू होईपर्यंत अंथरुणावरच होत्या; मेंदूला प्राणवायू मिळाला नव्हता.

आवाज बसला, गिळताना दुखतंय, डोळ्यांत लाल ठिपके आलेत, तर लगेच दवाखाना गाठा. आणि ‘गळा दाबला होता’ हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. बायका नेमकं तेच लपवतात. मानेची सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारं स्कॅन) लागेल का, हेही विचारा.