नाइट म्हणजे सरदार की शिलेदार?

प्रश्न: आर्थर राजाच्या मध्ययुगीन कथा मराठीत आणतोय. ‘नाइट’ला सगळीकडे ‘सरदार’ लिहिलं आणि आता तेच खटकतंय. हाताखाली फौज नाही, अंगावर चिलखत आणि खाली घोडा, एवढाच ऐवज. हा कसला सरदार?

प्रतिसाद: शिलेदार घ्या. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई. नाइटला फ्रेंचमध्ये म्हणतात ‘शेवालिए’, त्याच्या पोटात घोडाच आहे आणि जर्मन ‘रिटर’ म्हणजे स्वार. इंग्रजी ‘नाइट’ मात्र मुळात पोरगा, चाकर. त्याचा जर्मन भाऊ ‘क्नेख्ट’ गडीच राहिला, हा ‘सर’ झाला!

प्रतिसाद: शिलेदार पेपरवाल्यांनी पळवलाय. ‘साहेबांचे शिलेदार’ म्हटलं की प्रचारसभा दिसते. आर्थरचे नाइट ज्याभोवती बसत त्या ‘गोलमेज’चंही तेच. 1155 साली नॉर्मन कवी वेसने ते मेज काव्यात आणलं, कुणी वर-खाली बसायला नको म्हणून. आपल्याला आठवणार 1930ची परिषद आणि बाबासाहेब. सरळ ‘नाइट’ ठेवा.

प्रतिसाद: ‘नाइट’ने मला रात्रपाळी आठवते.

प्रश्नकर्ता: अडलोय ते क्रेतिएँ द त्रुआच्या बाराव्या शतकातल्या काव्यात. आर्थरचा नाइट लान्सलॉट, त्याचे घोडे मेलेत. पळवून नेलेल्या आर्थरच्या ग्विनिव्हियर राणीचा ठावठिकाणा हवा असेल तर गाडीत बस, असं बुटका गाडीवान म्हणतो. गाडी कसली, तर चोर-खुन्यांना लोकांसमोर फिरवायची. तो दोन पावलं थांबतो, मग चढतो. पुढे राणी त्या दोन पावलांवरूनच रुसते.

प्रतिसाद: मग तर शिलेदारच हवा. घोडा गेला की ‘शेवालिए’त उरलं काय? सरदार गाडीत बसला तर वाचक म्हणेल, बसला, त्यात काय! आणि ‘रथ’ चुकूनही लिहू नका, आपल्याकडे रथात देव बसतात. नुसत्या ‘गाडी’तही लाज दिसत नाही. ‘धिंडीची गाडी’ म्हणा.

प्रश्नकर्ता: ‘बिनघोड्याचा शिलेदार दोन पावलं अडखळला आणि धिंडीच्या गाडीत चढला.’ चालेल?

प्रतिसाद: ‘अडखळला’ नको, ठेच लागल्यासारखं वाटतं. ‘घुटमळला’ करा.