विश्वचषकाआधीचा दौरा: मालिकेचा निकाल बघायचा, की कोणाची जागा पक्की झाली ते?

थर्डमॅन

मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर एखादा संघ एकदिवसीय मालिका हरला की लगेच "यांचं काही खरं नाही" सुरू होतं. माझं मत उलट आहे. त्या मालिकेच्या निकालावरून स्पर्धेचा अंदाज बांधता येत नाही. अंतिम पंधरा खेळाडूंची यादी देण्याच्या तारखेपर्यंत कोणत्या जागा पक्क्या झाल्या, एवढंच बघावं.

२०२३ चा ऑस्ट्रेलिया घ्या. दक्षिण आफ्रिकेत पाचांपैकी पहिले दोन एकदिवसीय जिंकले, पुढचे तीन १११, १६४ आणि १२२ धावांनी हरले. भारतात येऊन मोहाली आणि इंदूर हरले. सलग पाच पराभव. सेंच्युरियनला क्लासेनने ८३ चेंडूंत १७४ कुटल्या आणि झॅम्पाच्या १० षटकांत ११३ धावा गेल्या, बळी एकही नाही. त्या रात्री कोणीही म्हणालं असतं की हा मुख्य फिरकी गोलंदाज घेऊन भारतात जाणं वेडेपणा आहे. दोन महिन्यांत त्याच झॅम्पाच्या नावावर विश्वचषकात २३ बळी होते.

आता याच दौऱ्यातलं फलंदाज लाबुशेनचं प्रकरण बघा. जाहीर झालेल्या पंधरात तो नव्हता. ब्लूमफाँटेनला रबाडाचा बाउन्सर ग्रीनच्या डोक्याला लागला म्हणून कन्कशन सब्स्टिट्यूट (डोक्याला मार लागलेल्याच्या जागी येणारा बदली खेळाडू) म्हणून तो आत आला. धावफलक ७ बाद ११३ असताना अ‍ॅगरला हाताशी धरून त्याने नाबाद ८० काढल्या आणि सामना काढून दिला. पुढच्या सामन्यात १२४. पुढे अ‍ॅगर पोटरीच्या दुखापतीने बाहेर गेला आणि लाबुशेन पंधरात आला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ३ बाद ४७ वरून त्याने ११० चेंडूंत नाबाद ५८ केल्या. दौऱ्याने दिलं ते हे. आफ्रिकेतले ३-२ आणि भारतातले २-१ हे आकडे आज कोणाच्या लक्षात आहेत?

सातवंषटक

असहमत. तुम्ही चषक कोणी उचलला हे माहीत असताना मागे जाऊन कारणं शोधताय.

तोच ऑस्ट्रेलिया विश्वचषकात पहिले दोन सामने हरला. चेन्नईत भारताविरुद्ध १९९ वर सर्वबाद आणि लखनौला त्याच आफ्रिकेकडून १३४ धावांनी पराभव. म्हणजे दौऱ्यावरची मरगळ स्पर्धेत आलीच होती. ते वाचले कारण साखळीत नऊ सामने होते आणि चूक दुरुस्त करायला जागा होती. चॅम्पियन्स ट्रॉफीत गटात तीनच सामने असतात. तिथे पहिले दोन हरलात तर बॅगा भरायच्या. २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात आपण पाकिस्तानकडून १० आणि न्यूझीलंडकडून ८ गडी राखून हरलो आणि तिथेच गणित जवळपास संपलं. उरलेले तिन्ही जिंकले, काही उपयोग झाला नाही. स्पर्धा जितकी छोटी, तितकी लय घेऊनच उतरावं लागतं. आणि लय जिंकूनच येते, प्रयोग करून नाही.

थर्डमॅन

स्पर्धेच्या स्वरूपाचा मुद्दा मान्य, तो मी धरला नव्हता. पण "जिंकून लय येते" याला २०२३ चा इंग्लंड बघा. सप्टेंबरमध्ये घरी न्यूझीलंडला ३-१ हरवलं, ओव्हलला स्टोक्सच्या १८२ झाल्या. ५ ऑक्टोबरला अहमदाबादेत त्याच न्यूझीलंडने २८३ चं लक्ष्य एक गडी गमावून पार केलं, कॉन्वे नाबाद १५२, रवींद्र नाबाद १२३. नऊपैकी सहा सामने हरले. जिंकलेली मालिका तीन आठवडेही पुरली नाही.

पिचरिपोर्ट

इंग्लंडचं उदाहरण दोघांच्याही बाजूचं नाही. ती मालिका इंग्लंडमध्ये होती, स्पर्धा भारतात. दौरा स्पर्धेच्या देशात किंवा तशा खेळपट्ट्यांवर नसेल तर निकालही फसवा आणि चाचणीही फसवी.

मुळात तीन सामन्यांत काय तपासता येतं त्याचा हिशोब मांडतो. भारत-ऑस्ट्रेलिया मालिका २२, २४ आणि २७ सप्टेंबरला होती. सहा दिवसांत तीन सामने, तीन शहरं. वेगवान गोलंदाजाने तिन्हीत पूर्ण कोटा टाकला तर ३० षटकं, म्हणजे १८० चेंडू, वर वाइड-नोबॉल आणि नेट्स वेगळे. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर ऑगस्टमध्येच परतलेल्या बुमराला हे झेपवणं शहाणपणाचं नव्हतं. तो मोहाली आणि राजकोट खेळला, इंदूर नाही. शमी मोहालीत खेळला (५१ धावांत ५ बळी), राजकोटला नाही. सिराज राजकोटला आला.

वाटणी कागदावर सुरेख दिसते, पण चुकतं इथे: जे दोघे स्पर्धेत नव्या चेंडूने सुरुवात करणार ते मालिकेत एकदाच एकत्र टाकतात. दोन टोकांनी दोन नवे चेंडू असल्यामुळे तेव्हा प्रत्येक चेंडू पन्नास षटकांत २५ षटकंच जुना व्हायचा. रिव्हर्स स्विंगचा (जुना चेंडू उलट्या दिशेने वळण्याचा) भरवसा नाही, म्हणून पहिल्या दहा षटकांतले बळी सोन्याचे. कोणी कोणत्या टोकाने टाकायचं, सहाव्या षटकानंतर कोणाला काढायचं, तिसरा वेगवान गोलंदाज पॉवरप्लेमध्ये (पहिल्या दहा षटकांत) आणायचा की अकराव्यापासून चार क्षेत्ररक्षक बाहेर गेल्यावर, हे एका सामन्यात पक्कं होत नाही. कुलदीप-जडेजा ही मधल्या षटकांची जोडीही त्या मालिकेत फक्त राजकोटला दिसली, आणि तिथे ऑस्ट्रेलियाने ३५२ केल्या.

माझ्या मते विश्रांती द्यायचीच तर पहिल्या सामन्यात द्या. शेवटचे दोन सामने मुख्य अकराने खेळावेत. आपण पहिल्या दोन्ही सामन्यांत रोहित, विराट, हार्दिक, कुलदीप चौघांना बाहेर ठेवलं. आणि तिसऱ्याला गिल नाही, हार्दिक नाही, शमी नाही. सलामीला वॉशिंग्टन सुंदर! मुख्य संघ तीनपैकी एकाही दिवशी मैदानात नव्हता.

डावखुरी

पण विश्रांतीमुळेच अश्विनला तपासता आलं ना? आशिया चषकात अष्टपैलू अक्षर पटेलला दुखापत झाली. बदली कोण ते २८ सप्टेंबरच्या आत ठरवायचं होतं, कारण त्यानंतरच्या बदलाला आयसीसीच्या तांत्रिक समितीची परवानगी लागणार होती. जानेवारी २०२२ नंतर अश्विन एकही एकदिवसीय खेळला नव्हता. मोहाली आणि इंदूर नसते तर तो निर्णय अंदाजानेच घ्यावा लागला असता.

सातवंषटक

आणि त्या निर्णयाचं झालं काय? अश्विन विश्वचषकात चेन्नईचा एकच सामना खेळला. अक्षर गेला म्हणजे फक्त १० षटकं गेली नाहीत, आठव्या क्रमांकाची फलंदाजीही गेली. अंतिम सामन्यात शमी आठवा होता. तपासलं ते गोलंदाजाला, भोक पडलं होतं फलंदाजीच्या शेपटीला.

सूर्याचंही (सूर्यकुमार यादवचंही) तेच. इंदूरच्या ३७ चेंडूंत नाबाद ७२ आणि ग्रीनच्या एका षटकातले सलग चार षटकार बघून सगळे निश्चिंत झाले. पण तो उतरला तेव्हा तीनशेच्या आसपास धावा लागलेल्या होत्या आणि शेवटची दहा षटकं उरली होती. ते टी-ट्वेंटीचंच काम. अंतिम सामन्यात विराट गेला तेव्हा ४ बाद १४८ होते आणि २१ षटकं बाकी होती. तिथे सूर्याच्या आधी जडेजाला पाठवावं लागलं. सूर्याच्या १८ धावा झाल्या, २८ चेंडूंत. मालिका २-१ जिंकली, पण जो पेपर पुढे येणार होता तो सोडवून बघितलाच नाही.

डावखुरी

इंदूरच का धरता? मोहालीत २७७ च्या पाठलागात चौथा गडी १८५ ला गेल्यावर सूर्या आला आणि राहुलसोबत उभा राहून ५० केल्या. हा पेपर बराच जवळचा होता.

पिचरिपोर्ट

जवळचा, पण सोपा. पाठलागात किती हव्यात ते समोर असतं, आणि तिथे गरज षटकामागे सहाच्या आत होती. पहिली फलंदाजी करताना चार गडी गेल्यावर २४० पुरतील की २८० लागतील हेच कळत नाही, चुका तिथे होतात. म्हणून दौऱ्यावर नाणेफेक जिंकली तर सोयीचं घेऊ नये, ज्याची भीती आहे ते घ्यावं. मोहालीत आपण नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं. इंदूरला ऑस्ट्रेलियाने तेच केलं, ३९९ खाल्ल्या, सामनाही गेला. पण अहमदाबादला अंतिम सामन्यात नाणेफेक जिंकल्यावर कमिन्सने बिनदिक्कत पुन्हा क्षेत्ररक्षणच घेतलं.

सहाव्या गोलंदाजाचंही असंच. गरज नसली तरी दौऱ्यावर त्याच्याकडून १५ ते ३० या टप्प्यात चार षटकं टाकून घ्यावीत. १९ ऑक्टोबरला पुण्यात हार्दिकचा घोटा दुखावला आणि आपल्याकडे पाचच गोलंदाज उरले. साखळीच्या शेवटच्या सामन्यात, नेदरलँड्सविरुद्ध, नऊ जणांनी गोलंदाजी केली. विराट आणि रोहितला बळीही मिळाले. ही तालीम सप्टेंबरमध्ये व्हायला हवी होती. अंतिम सामन्यात हेड-लाबुशेनची १९२ ची भागी झाली आणि पाचच्या पाच गोलंदाज आलटून पालटून येत राहिले. उलट उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाचा सलामीचा फलंदाज हेडने स्वतः चेंडू हातात घेऊन क्लासेन आणि यान्सेनला लागोपाठच्या चेंडूंवर काढलं होतं.

नाइटवॉचमन

दौऱ्याच्या किमतीबद्दल कोणीच बोलत नाहीये. ऑस्ट्रेलियाचे ३० ऑगस्ट ते २७ सप्टेंबर या २९ दिवसांत ११ सामने झाले. त्यात सेंच्युरियनला हेडचा हात मोडला, ग्रीनला कन्कशन, अ‍ॅगरची पोटरी. स्पर्धेआधी महिन्याभरात अकरा सामने हा सराव नाही, झीज आहे. पाच सामन्यांची मालिका बंद करावी. तीन पुरेत, आणि त्यानंतर किमान आठवडा मोकळा.

थर्डमॅन

तीन पुरेत, हे पटलं. पण हेडचा हात मोडल्यावर ऑस्ट्रेलियाने काय केलं ते बघा. त्याला पंधरात ठेवलं. पहिले पाच सामने चौदा जणांत काढले. २८ ऑक्टोबरला धरमशालेत तो आला, ६७ चेंडूंत १०९. उपांत्य सामन्यात ६२, अंतिम सामन्यात १३७. हे धाडस त्यांना झालं कारण सलामीला वॉर्नर आणि मार्श चालू शकतात हे दौऱ्यावरच दिसलं होतं. राजकोटला वॉर्नर ५६, मार्श ९६.

आणि सराव सामन्यांवर विसंबून चालत नाही. तिथे पंधराच्या पंधरा वापरता येतात हे खरं, पण २०२३ मध्ये गुवाहाटी आणि तिरुवनंतपुरम हे आपले दोन्ही सराव सामने पावसात वाहून गेले. राजकोटनंतर थेट चेन्नई, म्हणजे विश्वचषकाचा पहिलाच सामना.

सातवंषटक

दौऱ्यावर जागा पक्की होते म्हणता, तर २०१९ सांगा. फेब्रुवारीत वेलिंग्टनला ४ बाद १८ अशी अवस्था असताना रायुडूने ९० काढल्या. विजय शंकरच्या ४५. आपण २५२ केल्या आणि ३५ धावांनी जिंकलो. न्यूझीलंडविरुद्ध, स्विंग होणारा चेंडू, वरची फळी गेलेली. चौथ्या क्रमांकासाठी याहून चांगली परीक्षा नव्हती. मग मार्चमध्ये ऑस्ट्रेलिया इकडे आली, पहिल्या तीन सामन्यांत रायुडू एकदाही विशीच्या पुढे गेला नाही, आणि १५ एप्रिलला विश्वचषकाच्या संघातून नाव गायब. मँचेस्टरला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात तोच न्यूझीलंड, ३ बाद ५, मग ४ बाद २४. सामना १८ धावांनी गेला.

थर्डमॅन

हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. दौऱ्याने उत्तर दिलं होतं, निवड समितीने ते ताज्या धावा बघून खोडलं. वेलिंग्टनच्या ९० आणि मार्चमधल्या १३ आणि १८ धावा यांना एकाच तराजूत घातलं, तिथे गडबड झाली.

सातवंषटक

मग वेलिंग्टनच्या आदल्या सामन्याचं काय? हॅमिल्टनला आपण ९२ वर सर्वबाद झालो, बोल्टने २१ धावांत ५ घेतले. मालिका आधीच खिशात होती म्हणून तो पराभव कोणी मनावर घेतला नाही. शेवटी ४-१ लिहिलं गेलं. चेंडू हलला की आपली वरची फळी एकत्रच कोसळते हे त्या १ मध्ये लिहिलेलं होतं. म्हणून म्हणतो, निकाल बघा, पण प्रत्येक सामन्याचा बघा. हरलेला सामना कोणत्या दहा षटकांत गेला ते काढा, आणि पुढच्या सामन्यात त्याच दहा षटकांत तेच खेळाडू पुन्हा उतरवा.