एका वर्षात तीन पक्षाघात: मंडळाच्या शिबिरात नेमके काय ठेवावे?

राजेंद्रनगरकर:

नमस्कार मंडळी. इंदूरच्या राजेंद्रनगर भागातील आमच्या गणेश मंडळाच्या बैठकीत गेल्या रविवारी एक वाद सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही, म्हणून येथे विचारतो आहे. गेल्या वर्षभरात आमच्या तीन गल्ल्यांत तिघांना पक्षाघात झाला. एक गृहस्थ एकाहत्तर वर्षांचे होते, ते गेले. अठ्ठावन्न वर्षांच्या एका बाईंचा उजवा हात अजून उठत नाही. तिसरा सियागंजात दुकान चालवणारा, अवघ्या चव्वेचाळीस वर्षांचा. त्याचे दुकान सध्या धाकटा भाऊ सांभाळतो.

यंदा उत्सवातील एक दिवस आणि थोडी रक्कम या विषयासाठी ठेवायची, एवढ्यावर सगळ्यांचे एकमत झाले. पुढे मात्र तीन तोंडे तीन दिशांना झाली. काहींना मेंदूविकारतज्ज्ञांचे व्याख्यान हवे आहे. आमच्या खजिनदारांनी एका प्रयोगशाळेशी बोलून कोलेस्टेरॉल आणि साखरेच्या तपासणीचे सवलतीचे पॅकेज आणले आहे. आणि एका ज्येष्ठांचे म्हणणे असे, की वसाहतीतील मुले पुण्या-बंगळुरूला गेली, मागे आपण म्हातारे उरलो, तेव्हा असे आजार दिसणारच. त्याचा एवढा गाजावाजा कशाला? हा आजार खरोखरच सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानावा एवढा मोठा आहे, की तो आमच्या वाढत्या वयाचा खेळ आहे? आणि एकाच दिवसाचे बळ असेल तर ते कुठे लावावे?

निवृत्त मास्तर:

मी बरीच वर्षे कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे समाजाच्या आरोग्याचे शास्त्र, हा विषय शिकवला आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, ते गोड मानून घ्यावे.

तुमच्या ज्येष्ठांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. जागतिक रोगभार अभ्यासाच्या हिशेबाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १ कोटी १९ लाख लोकांना नव्याने पक्षाघात झाला, ७२ लाखांहून अधिक लोक त्याने दगावले, आणि पक्षाघात होऊन गेलेले सुमारे ९ कोटी ३८ लाख लोक त्या वर्षी हयात होते. १९९० च्या तुलनेत नव्या रुग्णांची संख्या सुमारे ७० टक्क्यांनी वाढली. पण लोकसंख्या वाढली आणि तिचे सरासरी वयही वाढले, हा परिणाम हिशेबातून वजा केला तर दर उलट घटलेला दिसतो. म्हणजे आकडा फुगण्यात वयाचा मोठा वाटा आहेच. परंतु त्याच अभ्यासाने असेही दाखवले आहे, की या आजाराच्या एकूण भारापैकी सुमारे ८४ टक्के भार बदलता येण्याजोग्या कारणांशी जोडता येतो, आणि त्या कारणांत वाढलेला रक्तदाब सर्वांत वर आहे. तंबाखू, हवेतील सूक्ष्म धूलिकण, रक्तातील वाढलेली साखर, कोलेस्टेरॉल, सुटलेले पोट आणि आहारातील मीठ ही त्याच्या मागची रांग. तुमचा सियागंजातील दुकानदार वयाच्या खात्यात बसत नाही. आपल्या देशात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने साधारण दहा वर्षे आधी गाठतो, आणि कमावता माणूस आडवा पडला की घरातील आणखी एक माणूस त्याच्या उशाशी अडकतो. ही दुसरी व्यक्ती कोणत्याच तक्त्यात मोजली जात नाही.

तीन गल्ल्यांत तीन रुग्ण हा निव्वळ योगायोगही असू शकतो, हे शिक्षकाच्या सवयीने सांगून ठेवतो. एवढ्या लहान संख्येवरून पाण्यात काही आहे का, मोबाइलच्या टॉवरमुळे झाले का, असल्या चर्चांना बैठकीत तोंड फुटू देऊ नका.

आता एका दिवसाचे काय करावे? माझे उत्तर स्पष्ट आहे: रक्तदाब मोजा, आणि ज्यांचा वाढलेला निघेल त्यांचा माग सोडू नका. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या, एक लाखाहून अधिक प्रौढांच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात ३५.५ टक्के प्रौढांचा रक्तदाब वाढलेला, तर ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला. चाळीस ते सत्तर या वयांत रक्तदाबाचा वरचा आकडा २० ने वाढला की पक्षाघाताने मरण येण्याची शक्यता दुपटीहून अधिक होते, आणि औषधाने तो १० ने उतरवला तर पक्षाघाताचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. कोलेस्टेरॉल महत्त्वाचे नाही असे मी म्हणत नाही; पण त्याचे नाते हृदयविकाराशी जितके घट्ट आहे तितके पक्षाघाताशी नाही, आणि मेंदूत रक्तस्राव होऊन जो पक्षाघात होतो त्याचा मुख्य सूत्रधार रक्तदाबच असतो. खजिनदारांचे पॅकेज पुढच्या वर्षी घ्या.

मात्र शिबिरात रक्तदाब ज्या पद्धतीने मोजला जातो ती पाहून माझाच वाढतो. माणूस जिना चढून येतो, चहाचा कप हातात असतो, शेजाऱ्याशी बोलणे चालू असते आणि तेवढ्यात कोणीतरी पट्टा आवळते. पाठीला आधार देऊन पाच मिनिटे शांत बसवावे, पाय जमिनीवर टेकलेले असावेत, दंड हृदयाच्या पातळीवर असावा, आधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू घेतलेली नसावी, आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. वरच्या आकड्याने १४० किंवा खालच्याने ९० ओलांडले म्हणून त्याच दिवशी कोणाला रोगी ठरवू नये; त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलवावे. वरचा आकडा १८० च्या पुढे असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे धाडावे. या सगळ्यासाठी एक साधी वही लागते. ती वही अनंत चतुर्दशीला बाप्पांबरोबर विसर्जित होते, हा आपल्या बहुतेक शिबिरांचा इतिहास आहे.

फिजिओताई:

मास्तर काकांशी मी सहमत आहे, पण दिवसातला एक तास मला माझ्यासाठी हवा आहे. माझ्याकडे रुग्ण येतात ते आजार होऊन गेल्यानंतर, आणि त्यांपैकी फारच थोड्यांना वेळेत इंजेक्शन मिळालेले असते.

याचे एक कारण आपल्या भाषेत दडलेले आहे, असे मला वाटते. माळव्यात आपण मराठी माणसेसुद्धा सर्रास 'लकवा' म्हणतो, आणि या एका शब्दात दोन अगदी वेगळे आजार कोंबतो. चेहऱ्याच्या नसेला सूज येऊन तोंड वाकडे होते, तो मेंदूचा आजार नव्हे. त्यात कपाळाला आठी घालता येत नाही आणि त्या बाजूचा डोळा पूर्ण मिटत नाही, परंतु हातापायांची ताकद शाबूत असते. असे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतात. मधल्या काळात ज्याने तेल चोळले, झाडा घातला किंवा राजस्थानात नागौर जिल्ह्यातल्या बुटाटी धामाला सात दिवस फेऱ्या घालायला नेले, त्याच्या पदरात श्रेय पडते. मग खरा पक्षाघात झालेल्या माणसालाही नातेवाईक तिकडेच न्यायला निघतात. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचे नाही. फेऱ्या महिन्याभरानंतरही घालता येतात. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मात्र लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी तारेने काढण्याचा उपाय निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत करता येतो, पण तेथेही प्रत्येक मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरत असतात.

दुसरी फसगत काही मिनिटांच्या झटक्याची. हात लुळा पडला, बोबडी वळली आणि अर्ध्या तासात सगळे पूर्ववत झाले, की घरचे देवापुढे साखर ठेवतात आणि विषय संपवतात. अशा झटक्यानंतर पुढच्या तीन महिन्यांत मोठा पक्षाघात होण्याचा धोका बराच असतो, आणि त्यातला सुमारे अर्धा पहिल्या दोन दिवसांतच असतो. बरे वाटले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे. शिबिरात लोकांकडून हे करवून घ्या: हसायला सांगा, दोन्ही हात वर धरायला सांगा, एक वाक्य म्हणायला सांगा. व्याख्यान विसरतात, स्वतः केलेले लक्षात राहते.

जेलरोडवाला:

ताईंनी लिहिलेले वाचून राहवले नाही. चार वर्षांपूर्वी वडिलांच्या बाबतीत आम्ही सगळ्या चुका एका रात्रीत केल्या. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन महिन्यांपासून बंद होत्या, कारण रक्तदाब 'नॉर्मल' आला होता आणि गोळीची सवय लागते असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. तो गोळीमुळेच नॉर्मल आहे, हे आम्हालाही सुचले नाही. रात्री साडेअकराला त्यांची जीभ जड झाली. हृदयविकार समजून मी घरातली ॲस्पिरिन पाण्यात विरघळवून पाजली. नंतर कळले, की पक्षाघात गुठळीमुळे आहे की रक्तस्रावामुळे हे सीटी स्कॅनशिवाय कोणालाच सांगता येत नाही, आणि रक्तस्राव असेल तर ती गोळी घातक ठरू शकते. शिवाय गिळता येत नसताना पाजलेले पाणी फुप्फुसांत जाऊ शकते.

त्यानंतर आम्ही घराजवळच्या एका लहान रुग्णालयात गेलो, कारण ते जवळ होते. तेथे सीटी स्कॅनचे यंत्र नव्हते. सलाइन लावून, सकाळी मोठे डॉक्टर येतील असे सांगून, आम्हाला दीड-दोन तास बसवून ठेवले. दुसरीकडे पोहोचून स्कॅन होईपर्यंत पाच तास उलटले होते. गुठळीच होती, पण इंजेक्शनची वेळ गेली होती. नंतरचे काय सांगू. बहिणीने नोकरी सोडली, आणि आईच्या कंबरेचे दुखणे वडिलांना उचलून उचलून सुरू झाले. सर्वांत कठीण होते ते वडिलांचे गप्प होणे. ती खिन्नता हाही या आजाराचाच भाग आहे, पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला ती गाठते आणि तिच्यावर उपचार असतात, हे आम्हाला वर्षभराने समजले.

म्हणून मंडळाला माझी विनंती अशी आहे. कार्यकर्त्यांनी आधी स्वतः फोन करून, आपल्या भागापासून कोणत्या रुग्णालयांत रात्रीसुद्धा सीटी स्कॅन चालू असतो आणि हे इंजेक्शन दिले जाते, याची खात्री करून घ्यावी, आणि ती नावे १०८ क्रमांकासह एका कागदावर छापून घरोघर द्यावीत. त्याच कागदावर एक ओळ असावी: माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा. झोपेत झटका आला तर घड्याळ झोपण्याच्या वेळेपासून मोजतात, जाग येण्याच्या नव्हे.

राजेंद्रनगरकर:

सर्वांचे आभार. कागदाचे काम मी स्वतः घेतले आहे. खजिनदार थोडे नाराज आहेत, पण ऐकतील. एक शंका उरली. मिठाबद्दल बोलावे की नाही? ज्या शहरात पोह्यांवर शेव आणि शेवेवर जिरावन घातल्याशिवाय सकाळ होत नाही, तेथे मीठ कमी करा म्हटले तर लोक हसून उठून जातील.

निवृत्त मास्तर:

हसू द्या, पण बोला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ असावे, आणि आपण भारतीय ती मर्यादा बरीच ओलांडतो. शेव सोडा म्हणून कोणी सोडणार नाही. ताटात वरून मीठ घेणे आणि लोणचे-पापड दोन्ही रोज असणे, एवढ्यावर बोट ठेवा. चीनमधील ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. पूर्वी पक्षाघात झालेले, किंवा साठी ओलांडलेले व रक्तदाब असलेले असे ते लोक होते. स्वयंपाकातील मिठाचा चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइडचा असलेले मीठ त्यांना दिल्यावर पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले. तसे मीठ आपल्याकडेही मिळते, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, हे त्याच दमात सांगा.

खजिनदारांची नाराजी काढायची असेल तर वही त्यांच्याच हाती द्या. हिशेबाची सवय असलेला माणूस ती नीट ठेवील. आणि यंत्र आणताना मोठ्या मापाचा पट्टाही मागून घ्या. जाड दंडावर लहान पट्टा आवळला तर आकडा उगाचच जास्त दिसतो.