अमेरिकेत अंडरग्रॅड: एकाच युनिव्हर्सिटीत प्रत्येक स्कूलचं जेन-एड वेगळं, पहिल्या सेमिस्टरला काय घ्यावं?

रानवारा
भाचीला एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत आर्ट्स अँड सायन्सेस स्कूलला (स्कूल म्हणजे युनिव्हर्सिटीतली विद्याशाखा) मेजर, म्हणजे मुख्य विषय, न ठरवता प्रवेश मिळाला आहे. पुढे कॉम्प्युटर सायन्स (तिथे ते इंजिनिअरिंग स्कूलमध्ये आहे) किंवा बिझनेसकडे वळायचा विचार आहे. तिन्ही स्कूलच्या जेन-एडच्या (जनरल एज्युकेशन, म्हणजे मेजरखेरीज करावे लागणारे सामान्य कोर्स) याद्या शेजारी ठेवल्या तर शीर्षकं बरीचशी सारखी, पण आकडे आणि चालणारे कोर्स वेगळे. या याद्या वाचायच्या कशा? पहिल्या सेमिस्टरला असं काय घ्यावं की कुठेही गेली तरी वाया जाणार नाही? एपीत (शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेज पातळीच्या परीक्षा, गुण ५ पैकी) कॅल्क्युलस एबीला ५ आणि इंग्लिश लँग्वेजला ४ आहेत. व्हिसा एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांचा.

टीपकागद
आधी थर वेगळे करा. युनिव्हर्सिटीभर लागू असलेलं, त्या स्कूलचं, आणि मेजरचं. गोंधळ जवळपास नेहमी मधल्या थरात होतो.

बर्कलीचं उदाहरण घ्या. 'अमेरिकन कल्चर्स'चा एक कोर्स सगळ्यांनाच करावा लागतो. त्यानंतर वाटा फुटतात. लेटर्स अँड सायन्समध्ये सात 'ब्रेड्थ' क्षेत्रं आहेत, प्रत्येकातून एक कोर्स, शिवाय परभाषेची अट. इंजिनिअरिंगमध्ये ही सात क्षेत्रं नाहीत आणि भाषाही नाही. तिथे ह्युमॅनिटीज-सोशल सायन्सचे सहा कोर्स लागतात, त्यात दोन रीडिंग अँड कॉम्पोझिशनचे, आणि सहांपैकी दोन वरच्या पातळीचे. म्हणजे प्रास्ताविक कोर्सांवरच सहाचा आकडा भरला तरी अट पुरी होत नाही. कोलंबियातही तेच: कोलंबिया कॉलेजवाल्यांना (तिथली आर्ट्स-सायन्सची शाखा) लिटरेचर ह्युमॅनिटीज आणि कंटेम्पररी सिव्हिलायझेशन दोन्ही सक्तीचे, इंजिनिअरिंगवाल्यांना त्यातून निवड करता येते.

यामागचं कारण बघितलं की यादी समजायला सोपी जाते. अबेटची (इंजिनिअरिंग अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या इंजिनिअरिंग पदवीत गणित आणि मूलभूत विज्ञानाचे किमान ३० सेमिस्टर क्रेडिट आणि इंजिनिअरिंगचे किमान ४५ लागतात. पदवी साधारण १२० ची. ७५ तिथेच गेले, आणि प्रत्यक्षात जास्तच जातात. त्यामुळे इंजिनिअरिंगची जेन-एड यादी आखूड असते, पण 'कुठलंही विज्ञान चालेल' अशी मोकळीक तिथे नसते.

आणि राज्य कोणतं ते सांगा. टेक्सासच्या सरकारी युनिव्हर्सिट्यांत ४२ क्रेडिट-तासांचा कोअर (सक्तीचा जेन-एड) राज्यानेच ठरवलेला आहे. त्यात अमेरिकन इतिहासाचे ६ आणि गव्हर्नमेंटचे ६ कुणालाच चुकत नाहीत, मग स्कूल कुठलंही असो.

साडेसाती
निवडीचा नियम एकच: प्रत्येक रकान्यात सगळ्यात कडक स्कूलला चालेल तो कोर्स घ्या. कडक कोर्स सैल अटीत सहसा बसतो. उलट होत नाही.

गणित: आर्ट्सच्या यादीत क्वांटिटेटिव्ह रीझनिंगसाठी सोपे सोपे कोर्स असतात. ते घेतले तर रकाना भरतो, पण बिझनेसला कॅल्क्युलस लागतं आणि इंजिनिअरिंगला त्यापुढची साखळी. म्हणजे पुन्हा शून्यापासून.
विज्ञान: भौतिकशास्त्राचे बहुतेक ठिकाणी दोन-तीन प्रकार असतात. त्यातला कॅल्क्युलसवर आधारलेला, लॅबसकटचा घ्यायचा. पहिल्याच सेमिस्टरला नको, दुसऱ्याला चालेल.
सोशल सायन्स: मायक्रोइकॉनॉमिक्स. बिझनेस प्रवेशाची ती नेहमीची प्रीरिक्विझिट (आधी पुरा करायचा कोर्स) आहे आणि बाकी दोन्हीकडे सोशल सायन्स म्हणून चालायची शक्यता बरीच.
लेखन: पहिल्या वर्षाचा रायटिंग कोर्स लगेच उरका, आणि लेटर ग्रेडवर. पास/नो-पासवर घेतलेला लेखनाचा कोर्स बऱ्याच स्कूलमध्ये धरत नाहीत. स्कूल बदलताना तर प्रीरिक्विझिटच्या ग्रेडच बघतात.

एपीत तीन गोष्टी वेगळ्या: पदवीच्या एकूण क्रेडिटमध्ये भर, एखादी अट माफ होणं, आणि वरच्या कोर्सला थेट बसायची मुभा. इंग्लिशच्या ४ वर एका स्कूलमध्ये लेखनाचा कोर्स माफ होईल, दुसऱ्यात नुसते इलेक्टिव्ह क्रेडिट मिळतील. तिन्ही स्कूलचे एपी तक्ते स्वतंत्र बघा. कॅल्क्युलस एबीच्या ५ वर बहुतेक ठिकाणी कॅल्क्युलस-२ ला बसता येतं, पण आधी पहिल्याची जुनी फायनल सोडवून बघू दे. पुढची दोन-तीन वर्षं त्याच पायावर उभी असतात.

अटकमटक
साडेसातींची यादी बरोबर, पण चारही कोर्स तसलेच घेतले तर एखादा ड्रॉप होणारच. तिथे एफ-१ आडवा येतो. लेखन ३, कॅल्क्युलस-२ ४, प्रोग्रॅमिंग ४, मायक्रो ३ मिळून १४. चारचा एक सोडला की १०, आणि किमान १२ लागतात. इंटरनॅशनल ऑफिसच्या पूर्वपरवानगीशिवाय १२ च्या खाली गेलं की स्टेटस धोक्यात. १५ घेऊनही भागत नाही, ११ उरतात. १६ ने सुरुवात करावी, किंवा १४ घेऊन काहीही न सोडायची तयारी ठेवावी. हलका ऑनलाइन कोर्स जोडायचा विचार असेल तर त्या १२ मध्ये असा एकच कोर्स, ३ क्रेडिटपर्यंतच, धरला जातो.

रानवारा
हे १२ चं गणित लक्षातच आलं नव्हतं. राज्य टेक्सास नाही. स्कूल बदलल्यावर काय बसतंय आणि काय नाही, हे आधी कळायची काही सोय असते का? आणि भाषेच्या अटीत मराठी चालते का?

टीपकागद
डिग्री ऑडिटमध्ये (कुठल्या अटी पुऱ्या झाल्या ते दाखवणारा ऑनलाइन रिपोर्ट) 'व्हॉट-इफ' असतं. त्यात स्कूल, मेजर आणि कॅटलॉग इयर (कुठल्या वर्षाचे नियम लागू ते) निवडायचं. तिसऱ्या रकान्यात घसरायला होतं: स्कूल बदलल्यावर कित्येकदा प्रवेशाच्या वर्षाचे नव्हे तर बदलाच्या वर्षाचे नियम लागतात. दोन्ही वर्षं टाकून बघा. रिपोर्ट आल्यावर वरच्या हिरव्या खुणांपेक्षा तळाचा भाग आधी वाचा. डिग्रीवर्क्स या ऑडिटच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फॉलथ्रू' नावाचा कप्पा असतो. कुठल्याच अटीत न बसलेले कोर्स तिथे साचतात. नोंदणीच्या आधी बिझनेस आणि इंजिनिअरिंग दोन्हींसाठी तो रिपोर्ट काढला की दोन्हीकडे कुठला कोर्स तळाला जातो ते दिसतं.

एकच कोर्स दोन अटींत धरला जाईल का, हेही स्कूलवर असतं. जेन-एड आणि मेजर यांत तो बऱ्याचदा धरतात, जेन-एडच्याच दोन रकान्यांत क्वचित.

मराठीबद्दल: भाषेची अट असते ती मुख्यतः आर्ट्स अँड सायन्सेसला. इंग्रजी माध्यमात शिकूनही दहावीपर्यंत मराठी किंवा हिंदी असेल तर बऱ्याच ठिकाणी त्यावर सूट मागता येते. नुसती बारावीची मार्कशीट पाठवली असेल तर त्यांना ती भाषा दिसणारच नाही. नववी-दहावीच्या मार्कशीटही द्या.

साडेसाती
ॲडव्हायझरला विचारताना ईमेल भाचीनेच लिहावी, तिच्या युनिव्हर्सिटीच्या अकाउंटवरून. फर्पा या विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डच्या गोपनीयतेच्या कायद्यामुळे तिच्या लेखी परवानगीशिवाय ते नातेवाइकांशी तिच्या रेकॉर्डबद्दल बोलत नाहीत. आणि उत्तर लेखी घ्यावं. 'हा कोर्स चालेल का' असं मोघम विचारू नये. कोर्स नंबर, कुठली अट, कुठलं स्कूल, कुठलं कॅटलॉग इयर, हे चारही लिहावं. आर्ट्सचा ॲडव्हायझर इंजिनिअरिंगची हमी देऊ शकत नाही, तिथल्या ऑफिसला वेगळी ईमेल.

अटकमटक
उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजमधून एखादा रकाना भरायचा असेल तर अमेरिकन इतिहास किंवा कला असलं काही बाहेर करावं. कॅल्क्युलस आणि प्रोग्रॅमिंग आपल्या युनिव्हर्सिटीतच. बाहेरून आलेल्या कोर्सचे सहसा क्रेडिट मिळतात, ग्रेड जीपीएत धरत नाहीत. स्कूल बदलताना नेमकी तीच ग्रेड दाखवायची असते. फी भरण्याआधी समकक्ष कोर्सच्या यादीत नंबर जुळतो का ते बघा आणि पूर्वपरवानगीचा फॉर्म भरून ठेवा. सी पेक्षा कमी ग्रेड आली तर बहुतेक ठिकाणी क्रेडिटही मिळत नाहीत.