टॉप पेअर आणि ड्रॉ: ३५ टक्के दोन पत्त्यांचे

पोकरबद्दल एक सल्ला वाचला: टॉप पेअर (टेबलावरच्या सर्वात मोठ्या पत्त्याशी जोडी) लागली आणि बोर्डवर, म्हणजे टेबलावरच्या सामाईक पत्त्यांत, दोन बदाम दिसले की फ्लॉपवरच (पहिले तीन सामाईक पत्ते) ऑल-इन करा, म्हणजे सगळे पैसे लावा, कारण फ्लश ड्रॉ (एकाच रंगाचे चार पत्ते, पाचव्याची वाट) ३५ टक्के वेळा लागतो. मला हे पटत नाही. ते ३५ टक्के टर्न आणि रिव्हर (चौथा आणि पाचवा सामाईक पत्ता) दोन्ही मिळून आहेत, एका पत्त्याचे जेमतेम १९, आणि टर्नला तुम्ही परत बेट करणारच असाल तर समोरच्याला दुसरा पत्ता फुकट थोडीच मिळतोय!

माझाच एक हात सांगतो. माझ्याकडे बदाम एक्का आणि इस्पिक राजा, फ्लॉप किल्वर राजा, बदाम नऊ, बदाम चार. पॉट (मध्ये जमलेले पैसे) ६ बिग ब्लाइंड (सक्तीची मोठी सुरुवातीची बेट, इथे मोजमाप म्हणून), दोघांकडे साधारण २२. ऑल-इन केलं असतं तर राजा-दश्शीसारखे हात पळाले असते आणि सेटवाला (एकाच किमतीचे तीन पत्ते असलेला) आनंदाने कॉल करून, म्हणजे तितकेच पैसे भरून, बसला असता, म्हणून ३ लावले, समोरच्याने कॉल केला. टर्न कोरा, म्हणजे कुणालाच उपयोग नसलेला, १२ च्या पॉटमध्ये ८ लावले, त्याने कॉल केला. त्याच्याकडे बदाम अठ्ठी-सत्ती होती, २८ च्या एकूण पॉटसाठी ८ भरायचे, म्हणून कॉल परवडायला त्याला जिंकण्याची सुमारे २९ टक्के शक्यता हवी होती आणि एक बदाम माझ्याच हातात असल्याने आउट्स (त्याला जिंकवणारे उरलेले पत्ते) ९ नाही तर ८, म्हणजे १८ टक्केच. रिव्हरला बदाम पडलं, हात गेला, तरी मी आजही तसाच खेळेन. हां, फ्लश ड्रॉ आणि ओपन-एंडेड (सलग चार पत्ते, दोन्ही टोकांना पाचवा चालणारा) एकत्र असेल तर १५ आउट्स होतात, फ्लॉपवरून सुमारे ५४ टक्के, तिथे तर ऑल-इन करूनही टॉप पेअर पुढे नसते.